चौऱ्याहत्तर मार्क

"बाबा, माझा बोर्ड कुठंय?" उन्नतीनं तिसऱ्यांदा विचारलं.

भाऊराव तिच्या मागं उभे राहून भांग पाडत होते. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाचा हात, थोडा थरथरायचाच. पण सुताराचा हात होता, रेघ सरळ आली. वेणी उन्नती स्वतःच घालायची. भांग मात्र तिला कधी जमला नाही, आणि तिची आई कौसल्या गेल्यापासून गेली तीन वर्षं ते काम भाऊरावांकडं आलं होतं.

"असेल कुठंतरी," ते म्हणाले.

"कुठंतरी नाही. टीव्हीखाली असतो. तिथं नाही."

"मग नसेल."

"आज परीक्षा आहे ना? मग रिव्हिजन?"

बोर्ड भाऊरावांनीच काल दुपारी बॉक्स-पलंगात, रजयांच्या खाली नेऊन दडवला होता. उन्नती सदतीस वर्षांची. परीक्षेच्या दिवशी सकाळी एकदा उजळणी करायचीच, हे तिच्या डोक्यात ज्यांनी भरवलं तेच हे भाऊराव. आणि आज त्यांच्यावरच पोरीचा अभ्यास लपवायची वेळ आली होती. त्यांनी कंगवा खिडकीत ठेवला आणि फोन वाजला म्हणून सुटका झाली.

फोन नोएडाहून, मुलाचा.

"जयभीम बाबा. निघालात?"

"निघतोय. दहाची वेळ दिलीय."

"मी येणारच होतो, पण ऑफिसमध्ये इन्स्पेक्शन आहे. सुट्टी मिळाली नाही. ऐका ना, आज तिला काही पढवू नका. आणि तिला म्हणावं, हळूहळू कर, घाई नको."

"म्हणजे मुद्दाम चुकायला सांगू?"

"चुकायला कोण म्हणतंय? बाबा, यार, तुम्ही समजून घ्या. मागच्या वेळी आपण सगळ्यांनी मिळून तिला..." सिद्धांत तिथंच थांबला. गुणाचा पोरगा. जे बोलायचं ते त्यानं गिळलं आणि "पोचलात की मेसेज करा" म्हणून फोन ठेवला.

मागची वेळ म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीची. पण ती सांगायची तर त्याच्याही मागं तीन वर्षं जायला हवं.

तेव्हा भाऊराव दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात सुतार होते. आमदार येत, सचिव येत, त्यांच्या खोल्यांमधल्या पलंगांचे पाय, कपाटांची दारं, खिडक्यांच्या कड्या हे सगळं भाऊरावांच्या ताब्यात. राहायला मागंच क्वार्टर. उन्नती नऊ वर्षांची झाली तरी पहिलीतून दुसरीत जाईना, तेव्हा शाळेतल्या बाईंनी सांगितलं, हिला सरकारी इस्पितळात दाखवा, बुद्धीची चाचणी करून घ्या.

इस्पितळातल्या बाईंनी टेबलावर एक लाकडी पाटी ठेवली. तिच्यात दहा खोबणी. गोल, चौकोन, चांदणी, फुली, असे दहा आकार. तेवढेच लाकडी तुकडे वेगळे काढून ठेवलेले. ज्याच्या त्याच्या खोबणीत बसवायचे, आणि बाई हातातल्या घड्याळावर वेळ मोजणार. उन्नतीनं चांदणी उचलली आणि गोल खोबणीत घातली. बसेना, तर वरून बुक्क्या मारल्या. कोपऱ्यात बसलेल्या भाऊरावांचे हात नुसते शिवशिवत होते.

बऱ्याच वेळानं, चित्रं झाली, प्रश्न झाले, आणि बाई म्हणाल्या, "इकसठ."

एकसष्ट. भाऊरावांचा जीव भांड्यात पडला. एकसष्ट म्हणजे पहिला वर्ग. त्यांना स्वतःला आयटीआयला अठ्ठावन्न पडले होते. बाईंना बिचाऱ्यांना मग समजावून सांगावं लागलं की हे शंभरपैकी नव्हेत, शंभर हे साधारण माणसाचे, आणि सत्तरच्या खाली म्हणजे बुद्धी मंद. मतिमंदांच्या शाळेत घाला, तिथं हिला हिच्या चालीनं शिकवतील. तीन वर्षांनी पुन्हा तपासू.

भाऊरावांनी यातलं एकच वाक्य घरी आणलं, तीन वर्षांनी पुन्हा.

हसू नका. या घराला जे काही मिळालं ते परीक्षेतून मिळालं होतं. भाऊरावांचे वडील यवतमाळकडं दुसऱ्याच्या रानात राबले आणि मुलाला शाळेतून एक दिवस काढलं नाही. भाऊराव परीक्षा देऊन दिल्लीला आले. कौसल्या लग्नानंतर दहावीला बसली आणि पास झाली. परीक्षेत नापास झालं तर काय करायचं हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अभ्यास करायचा आणि पुन्हा बसायचं. ही परीक्षा तशी नसते, ही वजनकाट्यासारखी असते, काट्यावर उभं राहायचं आणि आकडा घ्यायचा, असं कुणी सांगितलं असतं तरी भाऊरावांना पटलं नसतं.

पाटीचं माप त्यांच्या डोळ्यांनी तिथंच घेतलं होतं. बारा नंबरच्या खोलीतलं एक मोडकं सागवानी कपाट बाद झालं होतं, त्याची फळी त्यांनी साहेबांना विचारून मागून घेतली. आठ दिवस रंधा, पटाशी आणि कानस. दहा आकार असे बसले की तुकडा खोबणीत सोडला की 'टक्' करून आत जाई. इस्पितळातल्या पाटीहून देखणी झाली होती, आणि भाऊरावांना त्याचा अभिमान होता.

रोज संध्याकाळी सात वाजता शाळा भरे. उन्नती बोर्डापुढं, भाऊराव घड्याळ घेऊन, कौसल्या स्टोव्हपाशी भाकरी थापत. पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली. भाऊराव मास्तर कडक. नऊ तुकडे बरोबर आणि एक चूक, तर ते दहाही काढून पुन्हा पहिल्यापासून. अर्धं बरोबर त्यांच्याकडं चालायचं नाही. महिन्यानं दीड मिनिट, वर्षानं चाळीस सेकंद. बारा वर्षांच्या सिद्धांतनं एक वही केली होती, इस्पितळात विचारतात तसल्या प्रश्नांची. छत्री नसेल आणि पाऊस आला तर काय करशील? रस्त्यात कुणाचं पाकीट सापडलं तर काय करशील? उन्नती उत्तरं घोकायची. एकदा कौसल्यानं विचारलं, "उन्नती, भाजी कोणती करू गं?" तर पोरगी ताठ उभी राहून म्हणाली, "पोलिसांना देईन." त्या दिवशी सगळे इतके हसले की भाकरी करपली. हसताना उन्नती सगळ्यांत पुढं.

तीन वर्षं हे चाललं. कौसल्या म्हणायची, "बस करा आता, पोरगी जेवली नाही." तर उन्नतीच म्हणायची, "एकदा अजून."

दुसऱ्या परीक्षेत बोर्ड एकोणीस सेकंदांत झाला. पाकिटाचा प्रश्न आला. छत्रीचा आला. बाई चकित. "चौहत्तर," त्या म्हणाल्या. भाऊरावांनी परतताना दोन किलो जिलेबी घेतली आणि क्वार्टरमध्ये घरोघरी वाटली. तेरा मार्क वाढले होते. तो रिपोर्ट त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आपल्या आयटीआयच्या प्रमाणपत्राशेजारी ठेवला.

दोन महिन्यांनी मतिमंदांच्या शाळेचं पत्र आलं. सत्तरच्या वर गेलेली मुलं आमच्याकडं बसत नाहीत, साध्या शाळेत घाला. भाऊरावांनी छाती फुगवून साध्या शाळेत घातलं. वर्गात साठ मुली, उन्नती शेवटच्या बाकावर. फळ्यावरचं काही कळेना, कुणी जवळ बसेना. सव्वा वर्ष तिनं काढलं. मग एक दिवस घरी आली, दप्तर पलंगाखाली सरकवलं आणि पुन्हा कधी बाहेर काढलं नाही. रडली नाही, तक्रार केली नाही. भाऊरावांना तेव्हा समजलं. ते तेरा मार्क तिचे नव्हतेच, ते घराचे होते. जिथं तिला कुणी तिच्या चालीनं शिकवलं असतं, ते दार त्यांनी आपल्या हातानं लावून घेतलं होतं.

आणि तरीही, कुणाला सांगायची चोरी, पण त्यांच्या उभ्या आयुष्यात त्या तीन वर्षांसारख्या संध्याकाळी पुन्हा आल्या नाहीत. स्टोव्हचा आवाज, सिद्धांतची वही, खोबणीत पडणारा तुकडा. त्या आठवल्या की भाऊरावांना आधी सुख वाटायचं आणि मग सुख वाटल्याची लाज.

आता गरज प्रमाणपत्राची होती. भाऊराव गेले की त्यांचं पेन्शन उन्नतीच्या नावानं चालू राहू शकत होतं, पण ती आपलं पोट आपण भरू शकत नाही हे सरकारी डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. सिद्धांत बहिणीला टाकणाऱ्यातला नव्हता. पण त्याची बदलीची नोकरी, आणि तो म्हणायचाही, "ती माझ्याकडं राहील बाबा, पण माझ्या मेहरबानीवर नको. तिचं स्वतःचं काहीतरी असू दे." जुन्या चौऱ्याहत्तरवर ते मिळणार नव्हतं. नवी चाचणी हवी. उन्हाळ्यात भाऊरावांच्या छातीत दुखलं, चार दिवस इस्पितळात पडून राहावं लागलं, तेव्हा कुठं ते तयार झाले.

चाचणी घेणारी मुलगी इशिता नावाची होती. तिशीही उलटलेली नसावी, पायात कॅनव्हासचे बूट. उन्नतीला हिंदी समजायचं, पण बोलायची वेळ आली की ती घरच्या मराठीवर यायची. म्हणून इशितानं भाऊरावांना आत बसवून घेतलं.

"अंकल, आप बैठिए. बस मदद मत कीजिएगा. ये जो बोले, वही मुझे बताइएगा. न कम, न ज़्यादा."

"बिल्कुल," भाऊराव म्हणाले.

इशितानं कपाटातून लाकडी पाटी काढून टेबलावर ठेवली. पंचवीस वर्षं झाली, पाटी तीच. उन्नतीचा चेहरा फुलला.

"बाबा, बोर्ड सापडला."

इशितानं घड्याळ दाबलं. उन्नतीचे दोन्ही हात चालले. तुकडा कुठला, खोबण कुठली, बघायचं कामच नव्हतं. दहावा तुकडा बसला आणि तिनं हात मांडीवर घेतले, तिला शिकवलं होतं तसेच.

"चौदह सेकंड," इशिता म्हणाली. तिनं एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा उन्नतीकडं. मग खाली मान घालून लिहू लागली.

चौदा. इतक्या वेगात तर तिनं घरीही कधी केलं नव्हतं. भाऊरावांनी शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून दुसरंच बाहेर पडलं.

"मॅडम, ये मत गिनिए."

"जी?"

"ये बोर्ड घर में है. मैंने बनाया है. अट्ठाईस साल से रोज़ कर रही है. पिछली बार भी... पिछली बार के मार्क भी मेरे कारण आए. वो सही नहीं थे." सुताराची हिंदी, तुटक. पण एवढं बोलायला त्यांना पंचवीस वर्षं लागली होती.

इशितानं पेन खाली ठेवलं. ती रागावली नाही. "अच्छा हुआ आपने बताया," म्हणाली, आणि पाटी उचलून कपाटात ठेवायला वळली.

"बाबा, मी बरोबर लावलं ना?" उन्नतीनं विचारलं.

"बरोबर लावलंस. एकदम बरोबर."

"मग मोजायचं का नाही?"

भाऊरावांच्या हातातून छिन्नी सटकून अंगठ्यात घुसली होती एकदा, तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. उन्नती थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली, मग समोरच्या भिंतीकडं बघू लागली.

इशितानं दुसरी चित्रं काढली, घरी कधी न पाहिलेली. आकडे उलटे म्हणायला सांगितले. उन्नतीला दोन जमले, तिसरा जमला नाही. मग भाऊरावांची पाळी. इशिताकडं एक लांबलचक यादी होती. अंघोळ स्वतः करते? करते. चहा? करते, उत्तम करते. कपडे धुते? वाळत घालते, घड्या घालते. प्रत्येक 'करते' कौसल्यानं आणि त्यांनी वर्ष वर्ष खपून कमावलेलं होतं. खोटं कसं सांगणार?

"और ये सब तब भी करती है, जब आप घर पर नहीं होते?"

भाऊराव आठवू लागले. ते घरी नसत तेव्हा कौसल्या असे. कौसल्या गेल्यावर ते स्वतःच असत. दूध आणायला गेले तरी तिला बरोबर घेऊन जात.

"ऐसा कभी हुआ नहीं," ते म्हणाले.

इशितानं मान हलवली आणि खुर्ची उन्नतीकडं वळवली. "उन्नती, अब तुमसे पूछती हूँ. शाम हो गई. पापा घर नहीं आए. तुम अकेली हो. क्या करोगी?"

हा प्रश्न वहीत नव्हता. पाकीट होतं, छत्री होती, घरात धूर झाला तर होतं, हरवलेलं मूल होतं. दीडशे प्रश्न घोकून घेतले होते, आणि हा एक कुणाला सुचला नव्हता. सुचला असेल तर कुणी लिहिला नव्हता.

उन्नतीनं भाऊरावांकडं पाहिलं. त्यांनी चेहरा कोरा ठेवला.

"वाट बघीन," ती म्हणाली.

इशितानं भाऊरावांकडं पाहिलं. "क्या बोली?"

आता भाऊरावांच्या हातात होतं. 'भाई को फ़ोन करूँगी' असं त्यांनी म्हटलं असतं, तर या मुलीला काय कळणार होतं? पोरगी हुशार ठरली असती. ओठांवर आलंही, इतकी ती जुनी सवय होती, तिचं उत्तर तिच्या आधी दुरुस्त करायची.

"इंतज़ार करूँगी, बोल रही है."

"और रात हो गई, फिर भी नहीं आए तो?"

उन्नतीनं जरा विचार केला. प्रश्न अवघड आहे हे तिलाही जाणवलं असावं. मग म्हणाली, "तरी बघीन. तुम्ही जेवायला येता ना, बाबा."

इशिता थांबली होती. भाऊरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला, आणि जसंच्या तसं सांगितलं. न कमी, न जास्त. इशितानं कागदावर एक छोटं शून्य काढलं. समोरून उलटं दिसलं तरी शून्य ते शून्यच, त्यांना वाचता आलं.

अर्ध्या तासानं ती त्यांना बाहेर पोचवायला आली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "अंकल, पक्का तो मेडिकल बोर्ड की मीटिंग के बाद ही. लेकिन साठ से नीचे है. सर्टिफ़िकेट मिल जाना चाहिए."

काम झालं होतं. ज्याच्यासाठी आले ते मिळालं होतं. भाऊरावांनी हात जोडले आणि सिद्धांतला मेसेज टाकला, 'झालं. मिळेल.' मेट्रोत दुपारची गर्दी कमी होती. रोहिणीपर्यंत बसायला दोघांना शेजारी शेजारी जागा मिळाली. उन्नती खिडकीतून खाली सरकणाऱ्या गच्च्या बघत होती, त्यांच्यावरच्या काळ्या टाक्या मोजत होती.

"उन्नती," भाऊराव म्हणाले.

"हं."

"संध्याकाळ झाली. बाबा घरी आले नाहीत. काय करशील?"

"बाईंनी विचारलं ते?"

"हो. पण आता मी विचारतोय. सिद्धांतदादाला फोन लावायचा. दोन नंबरचं बटण दाबून ठेवायचं, की दादा. म्हण."

"दोन नंबर दाबून ठेवायचं, की दादा."

"दार उघडायचं नाही. गॅस लावायचा नाही. दादा येईल, तो म्हणेल तसं करायचं. त्याच्या घरी चल म्हणाला तर जायचं. कपड्यांची पिशवी घ्यायची. म्हण."

उन्नतीनं म्हटलं. अडखळली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. शास्त्री नगर गेलं, इंद्रलोक गेलं. समोरच्या बाईंनी एकदा फोनमधून मान वर करून दोघांकडं पाहिलं. तिसऱ्या खेपेला सगळं बरोबर आलं, फोन, दार, गॅस, पिशवी, दादाचं घर.

"शाबास," भाऊराव म्हणाले. "मग? दादाच्या घरी गेलीस. पुढं?"

उन्नतीनं हात मांडीवर घेतले. पुढचं उत्तर तिला न शिकवताच येत होतं.

"मग तुम्ही मला न्यायला याल."

गाडी एका स्टेशनात थांबली. दारं उघडली, बाहेरची गरम हवा आत आली, दारं मिटली. भाऊराव आपल्या हातांकडं बघत होते.

"बरोबर," ते म्हणाले.